प्रवाळाला ‘कीड’ लागते म्हणजे नेमके काय होते?

आपला प्रश्न असा आहे: मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरला असताना एका गोलसर, धोंड्यासारख्या प्रवाळावर गुलाबी कडांचे पांढरे चट्टे आपल्याला दिसले, आणि सोबतच्या माणसाने ‘पोवळ्याला कीड लागली आहे’ असे सांगितले. तेव्हापासून आपल्याला जाणून घ्यायचे आहे की प्रवाळांना खरोखरच सूक्ष्मजंतूंमुळे रोग होतात का, आणि होत असतील तर एखादे औषध किंवा हल्ली ज्याची चर्चा ऐकू येते ते ‘प्रोबायोटिक’, म्हणजे उपयुक्त जीवाणूंचा डोस, वापरून ते बरे करता येतील का.

रोग होतात, आणि त्यांतल्या काहींमागे जीवाणू, बुरशी किंवा विषाणू असल्याचे पुरावेही आहेत. परंतु समुद्री जीवाणूंवर अनेक वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ‘कोणता जंतू?’ हा प्रश्न प्रवाळाच्या बाबतीत पहिला नसून दुसरा आहे. पहिला प्रश्न ‘पाण्यात काय बदलले?’ हा होय. प्रवाळाच्या अंगावर जंतू बाहेरून चाल करून येतात असे फार थोड्या वेळा घडते. बहुतेक वेळा ते आधीपासून तिथेच असतात आणि परिस्थिती बदलली की त्यांचे वागणे बदलते. असे का म्हणते, हे सविस्तर सांगते.

आपण ज्याला एक धोंडा समजता तो हजारो लहान प्राण्यांची वसाहत असतो. यातला प्रत्येक प्राणी, म्हणजे पॉलिप, जेलीफिश आणि समुद्रफुलांच्या नात्यातला आहे. त्याच्या पोटाच्या अस्तरातील पेशींमध्ये एकपेशीय शैवाल राहते आणि एका चौरस सेंटिमीटर पृष्ठभागात अशा शैवालपेशींची संख्या साधारण दहा लाखांच्या घरात असते. हे शैवाल सूर्यप्रकाशात तयार केलेले अन्न यजमानाला देते, इतके की उथळ, स्वच्छ पाण्यातल्या अनेक प्रवाळांची ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज त्यातूनच भागते. त्या मोबदल्यात शैवालाला सुरक्षित जागा, कार्बन डायऑक्साइड आणि प्राण्याच्या उत्सर्जनातून नायट्रोजन मिळतो. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट रंग मुख्यतः या शैवालाचाच असतो. एवढे शालेय पुस्तकांतही असते. त्यापलीकडची वस्ती मात्र अजून पुरेशी सांगितली जात नाही.

ऊतीवरच्या चिकट श्लेष्मात, ऊतीच्या आत आणि खालच्या चुनखडीच्या सांगाड्यातही जीवाणू, आर्किया (जीवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या कुळातले एकपेशीय जीव), बुरशी आणि विषाणू राहतात. सांगाड्यात ऊतीच्या अगदी खाली एक हिरवी रेघ अनेकदा दिसते. ती ऑस्ट्रिओबियम नावाच्या, चुनखडी पोखरून राहणाऱ्या शैवालाची असते. २०१९ मध्ये तर मलेरियाच्या परजीवीच्या नात्यातला एक सूक्ष्मजीव बहुसंख्य प्रवाळांत राहतो आणि प्रकाशसंश्लेषण करत नसूनही हरितद्रव्य बनवण्याची जनुके त्याने जपून ठेवली आहेत, असे उघड झाले. ती जनुके त्याला कशासाठी लागतात हे कोडे मला अतिशय मोहक वाटते, पण आपल्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध नाही. संबंध आहे तो फॉरेस्ट रोहवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणाशी. पनामा आणि बर्म्युडा येथील प्रवाळांचे नमुने तपासताना त्यांना आढळले की शेकडो मैल दूर असलेल्या एकाच जातीच्या प्रवाळांवरचे जीवाणूसमूह परस्परांशी मिळतेजुळते असतात, आणि शेजारी शेजारी वाढणाऱ्या दोन भिन्न जातींवरचे मात्र वेगळे असतात. याचा अर्थ, समुद्राच्या पाण्यातून जे काही येऊन चिकटेल ते चिकटले, असा हा मामला नाही. प्रवाळ आपले सोबती निवडतो किंवा निदान त्यांना टिकू देतो. प्राणी, शैवाल आणि या साऱ्या सूक्ष्मजीवांच्या एकत्रित घटकाला होलोबायंट म्हणतात.

हे सोबती काय करतात? काही जीवाणू हवेतून पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वापरण्याजोग्या रूपात आणतात. उष्ण कटिबंधातल्या स्वच्छ निळ्या पाण्यात नायट्रोजनची सतत टंचाई असते, त्यामुळे हे योगदान मोलाचे ठरते. एंडोझोइकोमोनास नावाच्या गटातले जीवाणू अनेक निरोगी प्रवाळांच्या ऊतीत पुंजक्यांनी राहतात, शैवाल आणि प्रवाळ बनवत असलेल्या गंधकयुक्त संयुगांचे विघटन करू शकतात, आणि प्रवाळ आजारी पडला की त्यांची संख्या बहुधा घटते. काही सोबती जीवनसत्त्वे पुरवत असावेत, असे त्यांच्या जनुकांवरून दिसते. परंतु त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम, माझ्या मते, जागा अडवून ठेवणे हे आहे. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे दहा लाख जीवाणू असतात. त्या गर्दीतल्या कोणालाही प्रवाळाच्या पौष्टिक श्लेष्मावर ताव मारायला आवडेल. तिथे आधीच बसलेले जीवाणू प्रतिजैविके स्रवून नव्यांना हुसकावून लावतात. किम रिची यांनी २००६ मध्ये दाखवले की कॅरिबियनमधील एल्कहॉर्न प्रवाळाच्या श्लेष्मात अशी जंतुरोधक शक्ती असते, आणि उन्हाळ्यातल्या विरंजनाच्या, म्हणजे प्रवाळ रंग गमावून पांढरा पडण्याच्या, काळात गोळा केलेल्या श्लेष्मात ती उरलेली नसते. शिवाय श्लेष्म हा स्थिर थर नव्हे. पोराइटीस वंशातले काही प्रवाळ जुना, मळका झालेला श्लेष्म पापुद्र्यासारखा टाकून देतात. कात टाकावी तशी ही क्रिया ठरावीक काळाने होते, आणि ताज्या श्लेष्मातले जीवाणू जुन्या श्लेष्मातल्यांपेक्षा वेगळे असतात. त्यामुळे एखाद्या दिवशी प्रवाळावर राखाडी पापुद्रा दिसला, तर तो रोगच आहे असे समजू नये.

आता जंतूमुळे होणाऱ्या रोगाकडे येते. यातले सर्वांत शिकवणारे उदाहरण भूमध्य समुद्रातले, इस्राएलच्या किनाऱ्यावरचे आहे आणि ते मी मुद्दाम सावकाश सांगणार आहे, कारण या विषयात काम करणाऱ्या एका संपूर्ण पिढीची समजूत त्याने दोनदा बदलली.

१९९० च्या दशकात तिथला ऑक्युलिना पॅटागोनिका हा प्रवाळ दर उन्हाळ्यात पांढरा पडत असे आणि हिवाळ्यात सावरत असे. तेल अवीव विद्यापीठातील एरिएल कुशमारो, योसी लोया, युजीन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जाहीर केले की या विरंजनामागे एक जीवाणू आहे. पुढे त्याला व्हिब्रिओ शिलोई हे नाव मिळाले. त्यांनी जंतू वेगळा काढला, निरोगी प्रवाळाला लावला, प्रवाळ पांढरा पडला आणि त्यातून तोच जंतू पुन्हा मिळाला. रॉबर्ट कॉख यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेल्या कसोट्या जवळजवळ पूर्ण झाल्या. त्यातली मेख तापमानाची होती. पाणी २९ अंश सेल्सिअस असेल तर संसर्ग होई. १६ अंशांत तोच जंतू, तोच प्रवाळ आणि तीच मात्रा असूनही काही होत नसे.

असे का होते, याचा त्यांनी पुढची काही वर्षे कसून शोध घेतला आणि जे उलगडले ते आजही विद्यार्थ्यांना सांगताना मला उत्साह येतो. गरम पाण्यात वाढलेलाच जंतू प्रवाळाच्या श्लेष्मातील एका विशिष्ट शर्करेला चिकटू शकतो. थंडीत चिकटण्यासाठी लागणारे साधन तो बनवतच नाही. चिकटल्यावर तो पेशीत शिरतो आणि तिथे त्याचे रूप असे पालटते की प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पोषकद्रव्यावर तो वाढत नाही, म्हणजे शोधणाऱ्याला तो ‘नाहीसा’ झाल्यासारखा वाटतो. आत गेल्यावर तो एक लहान प्रथिनतुकडा स्रवतो, जो अमोनियाच्या सान्निध्यात शैवालाचे प्रकाशसंश्लेषण थांबवतो. शैवाल दिवसा जो ऑक्सिजन सोडते त्याच्या घातक रूपांपासून बचाव करणारे विकरही त्याला लागते आणि तेदेखील तो गरम पाण्यातच बनवतो. म्हणून थंडीत पेशीत पोहोचला तरी तो तग धरत नाही. मग हिवाळ्यात तो जातो कुठे? २००३ मध्ये उत्तर मिळाले: प्रवाळ कुरतडून खाणाऱ्या, अंगावर दाहक केस असलेल्या एका समुद्री किड्याच्या शरीरात. म्हणजे आपल्या वाटाड्याचा ‘कीड’ हा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो.

कहाणी इथे संपली असती, तर ‘एक जंतू, एक रोग’ हा जुना नियम समुद्रातही चालतो असे आम्ही म्हटले असते. पण त्यानंतर लवकरच त्याच संशोधकांच्या लक्षात आले की तोच जंतू त्याच प्रवाळाला लावला तरी प्रवाळ पांढरा पडत नाही. जंतू चिकटतो, आत जातो आणि मरतो. प्रवाळांना आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात. मग दशकभराच्या आत ही प्रतिकारशक्ती आली कुठून? २००६ मध्ये रोझेनबर्ग यांच्या गटाने उत्तर सुचवले की प्रवाळ स्वतः बदलला नाही, त्याचे सोबती बदलले. नव्या परिस्थितीत टिकतील असे जीवाणू त्याच्यावर वाढले आणि त्यांनी शत्रूला रोखले. या कल्पनेला त्यांनी प्रवाळांचे प्रोबायोटिक गृहीतक म्हटले. २०१३ मध्ये या कल्पनेला आणखी आधार मिळाला: प्रतिजैविके देऊन सोबती जीवाणू कमी केले की तोच प्रतिकारक्षम प्रवाळ व्हिब्रिओ शिलोईला पुन्हा बळी पडतो.

दरम्यान ट्रेसी एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्याच प्रवाळाच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासून म्हटले की इथल्या विरंजनाचे मूळ कारण जीवाणू नाहीतच, उष्णता आणि प्रकाशाचा ताण हे आहे. या वादात कोण बरोबर, असे मला विचारल्यास मी म्हणेन की दोन्ही गट वेगवेगळ्या वर्षांतला, आणि म्हणून वेगळ्या सोबत्यांसह जगणारा प्रवाळ पाहत होते. आरंभीची काही वर्षे पोषकद्रव्याच्या बशीवर जे वाढते तेच खरे, असे मीही धरून चालले होते. समुद्रातल्या शंभर जीवाणूंपैकी जेमतेम एखादाच बशीवर वाढतो हे माहीत असूनही मी त्या एकालाच गुन्हेगार ठरवत असे. ऑक्युलिनाच्या इतिहासाने ती सवय मोडली.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये लक्षद्वीपमध्ये झालेले मोठ्या प्रमाणावरचे विरंजन हा जंतुसंसर्ग नव्हता. एखाद्या ठिकाणच्या वर्षातील सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी सुमारे एक अंशाने जास्त तापून तसेच महिनाभर राहिले की प्रवाळ आणि शैवाल यांचे सहजीवन विस्कटते. शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, घातक ऑक्सिजन तयार होतो आणि प्रवाळ शैवालाला बाहेर टाकतो. त्याच्याही आधी, रंग जाण्यापूर्वीच, तापलेले शैवाल आपले अन्न यजमानाला देण्याऐवजी स्वतःच्या वाढीसाठी वापरू लागते, असे अलीकडे दिसले आहे. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो. तो उपाशी असतो. त्या उपासमारीत श्लेष्म आणि त्यातली जंतुरोधक शक्ती घटते आणि नंतरच्या महिन्यांत संसर्गजन्य रोगांची लाट येते. विरंजन आणि रोग यांचे नाते असे आहे.

एकाच जंतूने न होणाऱ्या रोगाचे उदाहरण म्हणून काळ्या पट्ट्याचा रोग सांगते. अर्नफ्रीड अँटोनियस यांनी तो १९७० च्या दशकात कॅरिबियनमध्ये प्रथम नोंदवला. प्रवाळाच्या अंगावर काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर रुंदीचा काळपट, मखमली पट्टा दिसतो. तो दिवसाला काही मिलिमीटर ते एक सेंटिमीटर या वेगाने सरकतो आणि त्याच्या मागे उघडा पांढरा सांगाडा राहतो. त्या पट्ट्यात सायनोबॅक्टेरियाचे, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूंचे, तंतू विणकामासारखे गुंफलेले असतात, त्यांच्या तळाशी सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड सोडणारे जीवाणू असतात आणि मध्ये त्या सल्फाइडवर जगणारे. पट्ट्याच्या तळाशी ऑक्सिजन संपतो, सल्फाइड साचते आणि या दोहोंच्या एकत्रित माऱ्याने खालची ऊती मरते. यातला कोणताही एक जंतू बाजूला काढून लावला तर हा रोग पूर्ण रूपात उभा राहत नाही.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज या बेटांच्या माळेतला पांढऱ्या देवीचा रोग आहे. एल्कहॉर्न प्रवाळावर तो १९९६ मध्ये पहिल्यांदा आढळला आणि २००२ मध्ये त्याच्याशी सेराशिया मार्सेसेन्स हा जीवाणू जोडला गेला. हा जीवाणू माणसाच्या आतड्यात आणि रुग्णालयांतल्या संसर्गांत सापडणारा. २०११ मध्ये माणसांच्या मैलापाण्यातून वेगळ्या केलेल्या त्याच वाणाने प्रयोगात एल्कहॉर्न प्रवाळाला रोग झाल्याचे सिद्ध झाले. माणसाचा जंतू पाठीचा कणा नसलेल्या समुद्री प्राण्याला आजारी करतो, याचा इतका स्पष्ट पुरावा त्याआधी नव्हता. पुढच्या वर्षांत मात्र त्याच लक्षणांच्या अनेक प्रवाळांत हा जंतू सापडला नाही. एकसारखा दिसणारा चट्टा एकाच कारणाचा असतो, असे मानता येत नाही, हे त्यातून शिकायचे.

मैलापाणी नेहमी जंतू आणूनच घात करते असेही नाही. पॅसिफिकमधल्या लाइन बेटांवर एक प्रयोग झाला, ज्याचा उल्लेख मी प्रत्येक व्याख्यानात करते. एका भांड्यात प्रवाळाचा तुकडा आणि शैवाल शेजारी ठेवले, आणि दोघांमध्ये जीवाणूच काय विषाणूही जाऊ शकणार नाही असे अतिसूक्ष्म छिद्रांचे गाळण लावले. तरी प्रवाळ मेला. त्याच पाण्यात अँपिसिलिन हे प्रतिजैविक घातले तेव्हा तो जगला. म्हणजे शैवालातून पाझरणारी विरघळलेली शर्करा गाळणातून गेली, प्रवाळाच्या अंगावरचे त्याचेच जीवाणू त्यावर भरमसाट वाढले आणि त्यांनी ऊतीलगतचा ऑक्सिजन संपवला. शैवाल फोफावते ते सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसमुळे आणि ते चरणारे पोपट मासे व इतर शाकाहारी मासे जास्त पकडले गेल्यामुळे. मासेमारी, गटार आणि प्रवाळाचा रोग यांना जोडणारी ही साखळी डोळ्यांना दिसत नाही. ती एका मिलिमीटरपेक्षा पातळ थरात घडते.

भारतातल्या कामाचाही इथे उल्लेख केला पाहिजे, कारण गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या विषयाचा अभ्यास बराच आधी सुरू झाला होता. चंद्रलता रघुकुमार आणि एस. रघुकुमार यांनी १९९० च्या सुमारास अंदमान आणि लक्षद्वीपच्या प्रवाळांच्या सांगाड्यात शिरलेली बुरशी शोधली, आणि अंदमानातल्या पोराइटीस प्रवाळावरच्या मृत चट्ट्यांत एक काळसर बुरशी असल्याची नोंद केली. प्रवाळ त्या बुरशीभोवती चुनखडीचा जास्तीचा थर चढवून तिला कोंडू पाहतो, हेही अशा अभ्यासांतून दिसले. पुढे जे. रवींद्रन आणि चंद्रलता रघुकुमार यांनी कवरत्ती बेटावरच्या पोराइटीस लुटियावरील गुलाबी रेषेच्या विकाराचा अभ्यास केला. मृत भागाच्या कडेने ऊती गुलाबी होते आणि त्या कडेला फोर्मिडियम वंशाचा सायनोबॅक्टेरिया आढळतो. त्यांनी प्रयोगशाळेत तो लावून गुलाबी रंग निर्माण करून दाखवला.

आपल्या चट्ट्याच्या गुलाबी कडेशी याचा थेट संबंध आहे, पण सावधगिरीने. पोराइटीस प्रवाळ कोणत्याही जखमेला गुलाबी रंगाने उत्तर देतो. माशाने चावा घेतला, नांगराने खरचटले, शेजारच्या शैवालाने डिवचले, एखादा परजीवी आत शिरला, तरी कडेची ऊती गुलाबी किंवा जांभळी होते. आपल्या त्वचेवर जखमेभोवती जशी लाली येते तसेच हे आहे. लाली दिसली म्हणून जंतूचे नाव सांगता येत नाही.

औषधाबद्दलच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर सध्या सर्वांत स्पष्टपणे फ्लोरिडात मिळते. २०१४ मध्ये मायामीजवळ ‘व्हर्जिनिया की’ या बेटापाशी कठीण प्रवाळांच्या ऊती गळून पडण्याचा एक रोग दिसला. त्याने वीसपेक्षा अधिक जातींना गाठले, फ्लोरिडाचा जवळजवळ संपूर्ण प्रवाळपट्टा व्यापला आणि २०१८ पासून मेक्सिको, जमैका असे करत कॅरिबियनभर पसरला. शेकडो वर्षांच्या वसाहती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत नुसता सांगाडा होऊन राहिल्या. खांबासारखा वाढणारा पिलर प्रवाळ तर फ्लोरिडाच्या समुद्रात पुनरुत्पादन करण्याइतकाही उरला नाही. इतक्या प्रयोगशाळा मागे लागूनही याचा एकमेव कारक जंतू अजून निश्चित झालेला नाही. ऊतीचा बिघाड आतल्या शैवालपेशींच्या परिसरात सुरू होतो असे ऊतीपरीक्षणात दिसते, त्या शैवालात विषाणूसदृश कण दिसले आहेत, आणि व्हिब्रिओ कोरॅलिलिटिकस हा ऊती विरघळवणारा जीवाणू सोबत असला की रोग अधिक वेगाने वाढतो.

कारण माहीत नसतानाही तिथे पाणबुडे अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक एका चिकट मलमात कालवून रोगाच्या कडेवर हाताने लावतात. एका जातीवरच्या चाचणीत उपचार केलेले सुमारे ९५ टक्के चट्टे वाढायचे थांबले. ऐकायला हे मोठे यश आहे, आणि शेकडो जुन्या वसाहती त्यामुळे आज जिवंत आहेत हे मी आदराने सांगते. परंतु त्याच वसाहतीवर दुसरीकडे नवा चट्टा येणे या मलमाने थांबत नाही. पाणबुड्याला पुन्हा पुन्हा जावे लागते. शिवाय समुद्रात प्रतिजैविक सोडणे म्हणजे त्याला न जुमानणारे जीवाणू निवडून वाढवणे, ही भीती खरी आहे. आणि ज्या सोबत्यांनी ऑक्युलिनाला वाचवले त्यांनाही प्रतिजैविक मारते.

म्हणून लक्ष उपयुक्त जीवाणूंकडे वळले. फ्लोरिडातल्या स्मिथसोनियन संस्थेच्या सागरी केंद्रात व्हॅलरी पॉल आणि सहकाऱ्यांनी या रोगाला दाद न देणाऱ्या एका प्रवाळावरून स्यूडोअल्टेरोमोनास वंशाचा एक जीवाणू मिळवला. २०२३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत २२ रोगट तुकड्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत रोग मंदावला किंवा थांबला, आणि आजारी तुकड्याकडून निरोगी तुकड्याकडे होणारा प्रसार सर्व १२ प्रयोगांत रोखला गेला. प्रतिजैविकाला जमले नव्हते ते हेच. पुढे समुद्रात वसाहतीवर पिशवी चढवून तिच्यात हा जीवाणू सोडण्याचेही प्रयोग झाले.

ब्राझीलच्या राकेल पेशोतो यांचा गट थोडा वेगळा विचार करतो: रोगाच्या आधीच, उष्णतेच्या ताणाच्या वेळी, प्रवाळाच्याच अंगावरून निवडलेल्या जीवाणूंचे मिश्रण द्यायचे. २०२१ च्या त्यांच्या प्रयोगात तापलेल्या पाण्यातल्या मुसिस्मिलिया हिस्पिडा या ब्राझिलियन प्रवाळाचे जगण्याचे प्रमाण अशा मिश्रणाने ४० टक्क्यांनी वाढले. आता त्या सौदी अरेबियातल्या लाल समुद्रात, खुल्या पाण्यात हा उपाय तपासत आहेत. ऑस्ट्रेलियात मॅडलिन व्हॅन ओपेन यांच्या गटाने शैवालाचीच चार वर्षे ३१ अंशांत पैदास करून उष्णता सोसणारे वाण निवडले. २०२० मध्ये त्यातल्या दहांपैकी तीन वाणांनी प्रवाळाच्या अळ्यांनाही उष्णता सोसण्यास मदत केल्याचे दिसले. या सगळ्या कामाबद्दल मला मनापासून आशा आहे. तरीही मी ठामपणे सांगते की प्रवाळ ज्या सोबत्यांना टिकू देत नाही त्यांना वारंवार ओतून टिकवता येत नाही, आणि ओतलेले जीवाणू बहुधा काही आठवड्यांतच विरळ होतात. पाणी मैले आणि तापलेले राहिले, तर नव्या सोबत्यांचीही तीच गत होते जी जुन्यांची झाली.

आता पुन्हा मालवणकडे. १९८७ मध्ये घोषित झालेले सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य हे महाराष्ट्रातल्या प्रवाळांचे महत्त्वाचे ठिकाण आहे. तिथले पाणी लक्षद्वीपसारखे नितळ नाही. पावसाळ्यात खाड्यांतून गाळ आणि गोडे पाणी येते, आणि तिथले प्रवाळ पिढ्यान्‌पिढ्या ते सोसत आले आहेत. त्यामुळे त्यांचे सोबतीही वेगळे असणार आणि फ्लोरिडातला जीवाणू इथे आणून टाकणे हा उपाय नाही. विरंजन आणि सांगाड्याच्या विकृत वाढी यांच्या नोंदी गोव्यातील संशोधकांनी इथून घेतलेल्या आहेत. त्यात पर्यटनाचा भार वाढला आहे: नांगर, पायांखाली तुडवणे, पाणबुड्यांच्या पायांतल्या पंखांनी उडणारा गाळ आणि किनाऱ्यावरचे सांडपाणी. कोरडा वाटणारा एक आकडा इथे सांगण्यासारखा आहे: आशिया-पॅसिफिकमधल्या १५९ प्रवाळभित्तींवरील सुमारे सव्वा लाख प्रवाळ तपासणाऱ्या २०१८ च्या अभ्यासात, प्लॅस्टिक अडकलेल्या प्रवाळाला रोग असण्याची शक्यता ४ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांपर्यंत गेलेली आढळली. प्लॅस्टिक प्रकाश अडवते, ऊती खरवडते आणि जखमेवर परके जंतू आणून ठेवते.

आपण स्वतः काही औषध लावू नये, हे वेगळे सांगायला नको; सर्व कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांना हात लावणेही योग्य नाही. आपल्याला जे करता येईल ते साधे आहे आणि आम्हाला त्याची खरोखर गरज असते. त्या चट्ट्याचा फोटो शेजारी मोजपट्टी किंवा माहीत असलेल्या लांबीची वस्तू धरून, स्पर्श न करता काढा. जागा अशी टिपून ठेवा की तोच प्रवाळ पुन्हा सापडेल. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जा. चट्टा तेवढाच असेल किंवा कडेने नवी ऊती चढत असेल, तर ती भरून येणारी जखम आहे. कडा पुढे सरकली असेल, उघड्या सांगाड्याचा पट्टा रुंद झाला असेल किंवा शेजारच्या वसाहतींवर तसेच चट्टे आले असतील, तर ते फोटो तारखांसह वन विभागाच्या कांदळवन कक्षाला आणि दोना पावलाच्या संस्थेला कळवा. त्या दिवशी पाण्याचे तापमान किती होते, आधीच्या आठवड्यात पाऊस झाला होता का आणि जवळ गटाराचे तोंड आहे का, हेही लिहा. जंतूचे नाव शोधायला आम्हाला महिने लागतील. या तीन नोंदी मात्र आपणच त्याच दिवशी देऊ शकता. आणि एका ठिकाणी चट्टे दिसल्यावर त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी उतरणार असाल, तर मुखवटा, पंख आणि पोशाख आधी सौम्य ब्लीचच्या द्रावणाने, मग गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.